आमच्या घरातले बिनभाड्याचे भाडेकरू

(मंडळाच्या गणेशोत्सवात महिला विभागाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘घरातील प्राणी’ असा विषय पाहून काल दोघीतिघींनी मला मांजरीच्या औषधाबद्दल विचारले! आमच्याकडे मांजर नाही, कुत्रा नाही, पोपटही नाही. मी बोलणार आहे ते आपण कधीही न पाळलेल्या, पण आपल्याच घरात सुखाने नांदणाऱ्या मंडळींबद्दल. ही मंडळी भाडे देत नाहीत आणि नोटीस देऊनही जात नाहीत.

माझी आई कोल्हापूरला भावाकडे असते. आज तिचे वय ८४. बहीण इंदूरला, मुलगी आणि नातू गुरुग्रामला, आणि आम्ही उभयता गेली बत्तीस वर्षे इथे बेंगळुरूत. २०२० सालच्या टाळेबंदीत आम्ही ठरवले की दर रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी व्हिडिओवर भेटायचे. पहिले दोन रविवार मोठ्या उत्साहात गेले. पुढे मात्र ‘जेवलात का, पाऊस आहे का, गुडघे कसे आहेत’ एवढे झाले की विषय संपायचा. माणसे समोर दिसत असायची आणि बोलायला काही नसायचे. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

अशाच एका रविवारी मी स्वयंपाकघरात फोन ओट्यावर टेकवून बोलत होते. माझ्या मागून भिंतीच्या कडेने काहीतरी पळाले. तिकडे गुरुग्रामला नातू ओरडला, “आजी, उंदीर!” त्यावर कोल्हापूरहून आवाज आला, “उंदीर नव्हे रे बाळा, चिचुंद्री ती. भिंत सोडत नाही बघ. मारू नका गं तिला, झुरळं खाते ती.”

आई शाळेत सातवीपर्यंतच शिकली, पण तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती उंदरांच्या कुळातली नव्हेच. उंदीर कुरतडणारा प्राणी, तर ही प्रामुख्याने किडे खाणारी. तिची नजर मंद असते, म्हणून लांब नाक हलवीत, भिंतीला अंग घासत ती वाट काढते. तिच्या अंगाला येणारा उग्र दर्प ही तिची ढाल आहे. आणि तिची पिल्ले? आई पुढे, तिच्या शेपटीपाशी पहिल्याने तोंडाने धरायचे, त्याच्या मागे दुसऱ्याने, तिसऱ्याने, अशी आगगाडी करून ती चालतात. हे ऐकून आमचा नातू रात्री झोपायला तयार होईना!

शेजारच्या कन्नड आजींना मी विचारले, तर त्या म्हणाल्या, “सुंडिली.” कन्नडमध्ये ‘इली’ म्हणजे उंदीर आणि ‘सोंडिलु’ म्हणजे सोंड. त्यांच्या मते हा सोंडेचा उंदीर! गणपतीबाप्पांचे वाहन आणि बाप्पांची सोंड एकाच प्राण्यात पाहायला मिळाली, तर तिच्यासाठी विषाच्या गोळ्या मोरीत टाकण्याआधी आपण जरा विचार करावा, नाही का?

त्या दिवसापासून आमच्या रविवारच्या गप्पांना विषय मिळाला. ज्याला घरात जे दिसेल ते त्याने दाखवायचे, आणि आईने नाव सांगायचे.

बहिणीने इंदूरहून भिंतीवरची एक राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी डबी दाखवली. आपल्या प्रत्येकाच्या घरात ती असते आणि आपण ती धूळ समजून झाडून टाकतो. नीट पाहा, ती चालते! एका लहानशा पतंगाची अळी आत असते. रेशमाचे धागे, वाळूचे कण आणि घरातली धूळ यांचे ती घर बांधते आणि ते घेऊनच फिरते. घराला दोन्ही टोकांना दारे असतात, त्यामुळे ती आत वळून कुठूनही डोके बाहेर काढते. कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस आणि लोकरीचे धागे हे तिचे अन्न. तेव्हा शाली जपून ठेवाव्यात, पण डबीला घाबरण्याचे कारण नाही. हिचे नाव मात्र आईलाही सांगता आले नाही. नातवाने ‘डबीबाई’ असे नाव ठेवले, तेच आमच्यात रूढ झाले.

खिडकीच्या चौकटीत मातीचे इवलेसे मडके करणारी कुंभारीण आईने लांबूनच ओळखली. ही माशी एकेक गोळा माती आणून घर करते, अळ्यांना नांगी मारून बधिर करते आणि आत भरून ठेवते. आपल्या संतवाङ्मयात भृंग आणि कीटकाचा दृष्टान्त येतो. भृंग किड्याला कोंडतो, आणि त्याचा ध्यास घेता घेता किडाच भृंग होतो. आईने तो फार गोड सांगितला. मग मुलीने पुस्तकात वाचलेले सांगितले, की आत कोंडलेली अळी ही कुंभारणीच्या पिल्लाची शिदोरी असते. ती मेलेली नसते, म्हणून ताजी राहते. बाहेर पडते ते ते पिल्लू. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे डबा भरूनच ठेवते की लेकरासाठी. आईच ती!” दृष्टान्तही राहिला आणि शास्त्रही राहिले.

पालीबद्दल काय बोलावे! ती चुकचुकली की आमच्याकडे टिचकी वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणण्याची पद्धत. पण गुळगुळीत छतावर ती उलटी कशी चालते? तिच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केस असतात. ते केस आणि भिंत यांच्या रेणूंमधील आकर्षणामुळे ती चिकटते, हे शास्त्रज्ञांनी २००० आणि २००२ साली प्रयोगांनी दाखवले. आपल्या घरातली पाल विषारी नसते. तरी दुधात पडली तर दूध टाकून द्यावे, कारण तिच्या अंगावर रोगजंतू असू शकतात.

कुणी म्हणेल, हे सगळे बायका-मुलांचे वेळ घालवणे आहे. त्यांना मी चंबा जिल्ह्यातली गोष्ट सांगते. जून २०२० मध्ये टाळेबंदीमुळे हिमाचल प्रदेशातल्या आपल्या गावी परतलेल्या वीरेंद्र भारद्वाज या विद्यार्थ्याने घराच्या आसपास दिसलेल्या एका सापाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. ते पाहिले आपल्या बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करणाऱ्या झीशान मिर्झा यांनी. त्यांनी, वीरेंद्र यांनी आणि हर्षिल पटेल यांनी मिळून अभ्यास केला, आणि २०२१ च्या डिसेंबरात तो साप शास्त्राला नवीन असल्याचे प्रसिद्ध झाले. चुराह खोऱ्यावरून त्याचे नाव ओलिगोडॉन चुराहेन्सिस. जगाला ठाऊक नसलेला प्राणी घराजवळच होता. कुणीतरी थांबून पाहिले आणि दुसऱ्याला दाखवले, एवढेच! अर्थात साप दिसला तर दुरूनच पाहावा आणि जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

आणि आपल्या या शहराचे काय? भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या झाडांवर लोरिस राहतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? वाटोळे मोठे डोळे, काटकुळे हातपाय, रात्री हिंडणारा माकडांचा हा दूरचा नातेवाईक. कन्नडमध्ये त्याला ‘काडुपाप’ म्हणतात, म्हणजे रानातले बाळ. २०१४ पासून डॉ. काबेरी कर गुप्ता यांच्या पुढाकाराने इथल्या सामान्य नागरिकांनी रात्री लाल उजेडाचे दिवे घेऊन त्याचा शोध घेतला. या बिचाऱ्याला उडी मारता येत नाही. फांदीला फांदी लागलेली असेल तरच तो पुढे जातो. मधले एक झाड तोडले की त्याचा रस्ताच बंद. त्यातून जादूटोण्यासाठी त्याला पकडणारे लोक आहेतच, कायद्याने पूर्ण संरक्षण असूनही! आपल्या सोसायट्यांत फांद्या छाटण्याचा ठराव येईल तेव्हा कृपया या बाळाची आठवण ठेवा.

आता शेवटचे. गेल्या वर्षापासून आईची स्मरणशक्ती कमी झाली आहे. दुपारी जेवली की नाही, हे तिला आठवत नाही. एखाद्या रविवारी ती मलाही माझ्या मावशीच्या नावाने हाक मारते. पण हात जोडून बसलेला हिरवा किडा पडद्यावर दिसला की लगेच म्हणते, “खंडोबाचा किडा!” तिने सांगितलेली नावे आम्ही एका वहीत लिहून ठेवतो. कोणते नाव कोणत्या रविवारी, कुणाच्या घरी, तेही लिहितो. नातू आता बारा वर्षांचा आहे. त्याला पेंग्विन आणि कांगारू शाळेने शिकवले. चिचुंद्री, कुंभारीण, खंडोबाचा किडा हे शब्द मात्र पणजीकडून आले. ती गेल्यावर ते आम्हाला कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून एकच विनंती. या दहा दिवसांत घरातल्या एका तरी प्राण्याला झाडू उचलण्याआधी मिनिटभर पाहा. त्याचे मराठी नाव आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कन्नड नाव शेजाऱ्यांना विचारा, आणि मुलांना दोन्ही सांगा. विघ्नहर्त्याने लहानशा उंदराला आपल्या पायाशी जागा दिली. आपल्याला तर फक्त भिंतीचा एक कोपरा द्यायचा आहे.

 गणपतीबाप्पा मोरया!