कॉफीतलं कॅफिन: अंदाजानं नको, मापानं



आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्यातल्या निम्म्या जणी मासळी विकतात. पहाटे तीनला उठायचं, बंदरावर लिलावाला जायचं, मग टोपली घेऊन बाजार गाठायचा. पोटात अन्न नसलं तरी चहा-कॉफी असतेच.

गेल्या वर्षी आमच्यातली एक जण पाच महिन्यांची गरोदर होती. तिला झोप येईना, छातीत धडधडायचं. आशाताईंनी विचारलं, "दिवसाला कॉफी किती घेतेस गं?" ती म्हणाली, "मोजतंय कोण, ताई?" मग तिथंच बसून मोजली. सहा कप निघाले.

कॉफीतली तरतरी येते ती कॅफिनमुळे. १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते कॉफीच्या बियांतून वेगळं काढलं. गरोदर बाईनं घेतलेलं कॅफिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि शेवटच्या महिन्यांत ते तिच्या अंगातून निघायलाही जास्त वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, गरोदरपणी दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन पोटात जात असेल तर ते कमी करा. त्यानं गर्भपाताचा आणि कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका कमी होतो.

पण आपल्या कपात कॅफिन किती, हे कसं कळायचं? आम्हाला वाटायचं, जितकी काळी आणि कडू तितकी कडक. ते खरं नाही. स्वस्त कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यानं रंग आणि कडवटपणा येतो, पण त्यात कॅफिन नसतं. उलट दूध घातलं की कॉफी फिकी दिसते, पण कॅफिन तेवढंच राहतं. म्हणजे डोळ्यांना आणि जिभेला हे कळत नाही.

प्रयोगशाळेत ते मोजतात. पावडर काट्यावर तोलून गरम पाण्यात ढवळतात, म्हणजे कॅफिन पाण्यात उतरतं. मग ते पाणी गाळून एका बारीक नळीतून जोरानं ढकलतात. नळीत अगदी बारीक भुकटी ठासलेली असते. तिच्यातून कॉफीतला एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो, जसे बाजाराच्या गर्दीतून कोणी आधी सुटतं, कोणी मागून. कॅफिन बाहेर आलं की त्यावर डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश टाकतात. कॅफिन जितकं जास्त, तितका तो प्रकाश जास्त शोषला जातो. आधी शुद्ध कॅफिनचं माहीत असलेलं प्रमाण त्याच यंत्रातून घालून बघितलेलं असतं. त्याच्याशी ताडून आकडा काढतात. आपण तराजूत किलोचं वजन टाकून मासळी तोलतो, तसंच हे. नुसत्या नजरेनं लावलेला वाटा नव्हे.

अशा मापावरच सरकारी मानकं उभी आहेत. शुद्ध इन्स्टंट कॉफीत किमान २.८ टक्के कॅफिन हवं, भाजून दळलेल्या कॉफीत किमान १ टक्का. आता हिशोब बघा. आम्ही आमचा चमचा सोनाराच्या काट्यावर तोलला. त्यात सुमारे २ ग्रॅम इन्स्टंट कॉफी बसली. म्हणजे एका कपात निदान ५६ मिलिग्रॅम. सहा कपांचे झाले ३३६! शिवाय चहा वेगळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सांगण्याप्रमाणे चहाच्या कपातही ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं.

आमच्या मैत्रिणीनं कॉफी दोन कपांवर आणली, तीही दुपारच्या आत. हळूहळू झोप लागायला लागली. पण धडधड रक्त कमी असल्यानंही होते, म्हणून आशाताईंनी तिला आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घेतलं. रक्त कमीच निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहा-कॉफीमुळे अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून जेवणाच्या आणि गोळीच्या आधी तासभर, नंतरही तासभर चहा-कॉफी घ्यायची नाही.

मैत्रिणींनो, तीन गोष्टी करा. पाकिटावर चिकोरी किती टक्के आहे ते वाचा. घरच्या चमच्यात किती ग्रॅम बसतात ते एकदा तोलून ठेवा. कॅफिनवाली एनर्जी ड्रिंक्स गरोदर बायांना, अंगावर पाजणाऱ्यांना आणि पोरांना देऊ नका. तशी सूचना डब्यावर छापलेलीच असते.

आणि एखाद्या पाकिटाबद्दल शंका आली, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं आपल्यालाही तपासणी करून घेता येते. विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं आणि फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे द्यायचा. माल कायद्यात बसत नाही असं निघालं, तर फी परत मिळते.

मासळी तोलून देतो, पैसे मोजून घेतो. मग आपल्या पोटात काय जातं, तेही मोजू या.