घरातील ध्वनिमुद्रण आणि खरे बोलणारा स्पीकर
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

गाणे मुद्रित करावयाचे म्हणजे मोठ्या शहरातील स्टुडिओची पायरी चढावयाची, असा एक काळ होता. आज एक बरासा माइक, त्यातील आवाज संगणकात नेऊन पोहोचविणारी इंटरफेस नावाची लहानशी पेटी आणि घरातलाच संगणक एवढ्या सामग्रीवर कोणाही गृहस्थास आपल्या माजघरात ध्वनिमुद्रण करता येते. आमच्या इंदुरात काय, किंवा बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव येथे काय, पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी घरांतून आरत्या, मंगळागौरीची गाणी, कीर्तनातील पदे अशी पुष्कळ संपत्ती केवळ वडीलधाऱ्यांच्या कंठात राहिलेली आहे. ती टिपून ठेवण्याची सोय झाली, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु टिपलेला आवाज आपण कशातून ऐकतो आणि त्यावर विसंबून कोणते निर्णय घेतो, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. आणि त्याची किंमत मोजली.

माझ्या एका आत्याबाईंना मंगळागौरीची जुनी गाणी मुखोद्गत होती. २०१६ साली चार दुपारी त्यांना समोर बसवून मी ११ गाणी मुद्रित केली. घरात बाजारातून आणलेली एक भपकेदार संगीतपेटी होती; खर्ज घुमवून दाखविणे हाच तिचा मोठा गुण. तिच्यातून ऐकताना आत्याबाईंचा आवाज मला फार जड व कोंदट वाटला. म्हणून संगणकावर मी त्यातील खालचा भाग कापीत गेलो. माझ्या खोलीत गाणी स्वच्छ ऐकू येऊ लागली आणि मोठ्या समाधानाने मी ती नातलगांकडे धाडली. बडोद्याच्या माझ्या चुलतबहिणीचे उत्तर आले : "दादा, आत्या पत्र्याच्या डब्यात बसून गातात असं का रे वाटतं?" संगणकात जागा हवी म्हणून मूळ मुद्रण मी पुसून टाकले होते. पुढच्याच वर्षी आत्याबाई गेल्या. ती ११ गाणी आज आमच्यापाशी आहेत. परंतु ज्या भरदार आवाजात ती ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, तो आवाज मी माझ्याच हाताने कापून टाकलेला आहे.

चूक कोठे झाली ? जडपणा आत्याबाईंच्या आवाजात नव्हता, तो माझ्या संगीतपेटीत होता. जो दोष नव्हताच तो मी दुरुस्त करावयास गेलो. करमणुकीसाठी विकले जाणारे स्पीकर ऐकणाऱ्याला खूष करण्यासाठी घडविलेले असतात. ते खर्ज थोडा फुगवितात, वरची किणकिण थोडी वाढवितात. गाणे ऐकून सुख घ्यावयाचे असेल तर यात काही वावगे नाही. परंतु मुद्रणाची पारख करावयाची असेल, तर जे आहे तेवढेच आणि तसेच सांगणारा स्पीकर हवा. त्यालाच 'स्टुडिओ मॉनिटर' असे म्हणतात. संतांनी निंदकाला शेजारी ठेवण्याचा उपदेश केला आहे. ध्वनिमुद्रण करणाराने तर त्याला समोरच्या मेजावरच आणून बसवावे!

असा परीक्षक महागच असावा लागतो असे मात्र नाही. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचा पांढऱ्या पडद्याचा एक लहान स्पीकर काढला. तो घरगुती ऐकण्यासाठी होता. पण घरच्या श्रोत्यांना त्याचा रूक्ष आवाज विशेष रुचला नाही. स्टुडिओतील तंत्रज्ञांनी मात्र तो उचलला, आणि २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबेपर्यंत जगभरच्या स्टुडिओंतून तो दिसत असे. त्यात खर्ज तोकडा, मधल्या पट्टीतले स्वर अंगावर येणारे. तथापि मुद्रणातील दोष तो लपवीत नसे, आणि ज्याने त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले त्याला त्याची प्रत्येक खोड ठाऊक असे. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. मॉनिटर गोड वाजलाच पाहिजे असे नाही. आणि निर्दोष स्पीकरच्या शोधात वर्षे घालविण्यापेक्षा बऱ्यापैकी स्पीकर घेऊन त्याचा स्वभाव पुरता ओळखणे अधिक हिताचे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. हल्ली या वर्गातले बहुतेक स्पीकर स्वतःच्या पोटातच अॅम्प्लिफायर घेऊन येतात. त्यामुळे तो वेगळा विकत घेण्याचे कारण उरत नाही. किंमत विचारताना ती एका नगाची की जोडीची, हे आधी विचारावे. यामाहाचा एचएस-५ किंवा जेबीएलचा ३०५पी यांसारखे मॉनिटर एकेक नग विकले जातात. काही छोटे स्पीकर जोडीनेच मिळतात. जाहिरातीतला आकडा पाहून हुरळलेला माणूस दुकानात गेल्यावर खर्च दुप्पट झालेला पाहतो, तो या अनवधानामुळे.

दुसरा आकडा सावधपणे वाचावयाचा, तो कंपनसंख्येचा. एचएस-५ च्या माहितीपत्रकात खालची मर्यादा ५४ हर्ट्झ अशी दिलेली असते. पण त्याच्याच पुढे 'उणे १० डेसिबल' असे लिहिलेले असते, म्हणजे तेथे ध्वनीची शक्ती एक दशांशावर आलेली असते. 'उणे ३ डेसिबल', म्हणजे शक्ती निम्म्यावर येते ती मर्यादा धरली तर तोच स्पीकर ७४ हर्ट्झपर्यंत उतरतो. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण एका स्पीकरचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा यांची तुलना करणे म्हणजे शेराची मणाशी तुलना करण्यासारखे होय.

या आकड्यांचा आपल्या गाण्याशी संबंध काय, तेही पाहू. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. पाच इंची पडदा असलेला स्पीकर या मुळाशी जेमतेम पोहोचतो. तीन-साडेतीन इंची पुष्कळसा अलीकडेच थांबतो. तरीही त्यातून खर्ज ऐकू येतोच. कारण तारेतून उमटणारे वरचे स्वर आपल्या कानावर पडतात आणि मूळ स्वर मन भरून काढते. म्हणून लहान स्पीकरवर निव्वळ गाणे पारखता येते. डग्ग्याचा घुमारा किंवा पखवाजाची थाप किती ठेवावी, हा निर्णय मात्र त्यावर घेऊ नये. साध्या खोलीसाठी आणि बेताच्या खर्चात पाच इंची जोडी ही मध्यम वाट होय. आठ इंची स्पीकर लहान खोलीत आणला, तर खोलीच त्याच्याशी भांडू लागते.

दुकानात जाताना आपल्या पूर्ण परिचयाची दोन-तीन मुद्रणे बरोबर न्यावीत : एक केवळ मानवी आवाजाचे, एक तबला-पेटीसह गाण्याचे, एक मोठ्या वाद्यमेळाचे. दोन स्पीकर ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर आणावयास सांगावे. कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो, आणि ही गोष्ट विक्रेत्यांना चांगली ठाऊक असते. पहिल्या क्षणी थक्क करणारा स्पीकर अर्ध्या तासाने कान शिणवितो. माणसाचे बोलणे ज्यातून शेजारी बसून बोलल्यासारखे वाटेल, तो बेलाशक घ्यावा.

परंतु श्रोतेहो, निम्मा स्पीकर दुकानात मिळतो आणि निम्मा आपल्या खोलीत तयार होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ६९ हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळजवळ पाच मीटर, सोळा फुटांहून थोडी अधिक लांब झाली. आपली खोली दहा फुटांची ! अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास ध्वनी ठाण मांडून बसतो. भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो दुणावलेला ऐकू येतो, तर खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला जवळजवळ नाहीसा होतो. लांबी आणि रुंदी सारखीच असलेल्या चौरस खोलीत हा दोष अधिकच बळावतो. म्हणून डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर ठेवून बसावे. पण पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्यावर बसू नये, आणि मागच्या भिंतीलाही टेकू नये.

दोन स्पीकर व आपले मस्तक यांचा समभुज त्रिकोण व्हावा. वरचा लहान पडदा, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो कानाच्या उंचीवर यावा. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. मेजावर ठेवणे भागच असेल तर खाली दाट फोमचे तुकडे द्यावेत. आपण आसनावर बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून एक आरसा सरकवीत न्यावा; जेथे आपल्याला आरशात स्पीकर दिसेल, तेथूनच ध्वनी उसळून कानावर येत असतो. त्या जागी जाड गोधडी किंवा कापसाची गादी टांगली तरी पुष्कळ फरक पडतो. मागे पुस्तकांचे कपाट असले तर उत्तमच. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याची पद्धत मात्र निरर्थक. पातळ पुठ्ठा खर्जाला अडवू शकत नाही. यास्तव ठरविलेल्या रकमेपैकी थोडा भाग स्पीकरच्या बैठकीसाठी आणि खोलीसाठी राखून ठेवावा.

ऐकण्याची पातळी ठरीव असावी. १९३३ साली अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आवाज हलका असता आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढविला की तो भरून आल्यासारखा वाटतो. रात्री हळू आवाजात काम करणारा मनुष्य खर्ज वाढवीत बसतो आणि सकाळी पस्तावतो. मोठ्याने बोलण्यापेक्षा फार जास्त नसलेली एक पातळी ठरवून तेथे बटनावर खूण करावी.

ज्यांना स्पीकरचा खर्च झेपत नाही, किंवा शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करावा लागतो, त्यांनी एखादा चांगला हेडफोन घ्यावा. त्यात खोलीचा दोष येत नाही. पण डावे-उजवे अंतर अतिशयोक्त भासते, हे लक्षात ठेवावे. आणि काम संपल्यावर तेच गाणे मोबाइलवर, मोटारीत, स्वयंपाकघरातल्या लहानशा रेडिओवर ऐकून पाहावे. कारण आपले नातलग ते तेथेच ऐकणार आहेत.

सरतेशेवटी, ज्या गोष्टीला एक पैसाही पडत नाही ती सांगतो. मूळ मुद्रण कधीही पुसू नका. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, आणि जी काटछाट करावयाची ती तिसऱ्या प्रतीवर करा. स्पीकर आज साधा असेल, उद्या चांगला येईल. तेव्हा जुने काम पुन्हा नीट करता येईल. मी नवी जोडी घेतली, तेव्हा आत्याबाईंची गाणी सर्वांत आधी लावली. त्यात काय काय उणे आहे, ते तिने मला पहिल्या ओळीतच सांगितले. आपल्या घरी एखादी आत्या, आजी किंवा आजोबा अजून गात असतील, तर स्पीकरसाठी थांबू नका. आधी त्यांचे गाणे टिपून ठेवा, आणि पारख करावयास मागाहून सावकाश बसा.