बागुलबुवा कोण आणतो?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मानसशास्त्र म्हटले की तो वेड्यांच्या डॉक्टरांचा विषय, असे आपल्याला वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मुलीच्या पुस्तकातून जे उमगले ते घरोघरी उपयोगी पडेल, म्हणून दोन शब्द बोलते.

रशियातील शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. अन्न तोंडात पडले की लाळ सुटते, हा देहाचा धर्म. पण अन्नापूर्वी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. चिंचेचे नाव काढताच आपल्या तोंडाला पाणी सुटते, तसेच हे. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र आल्या की मन त्यांची गाठ मारते.

भीतीचीही अशीच गाठ बसते. १९२० साली अमेरिकेत वॉटसन व रेनर यांनी सुमारे ११ महिन्यांच्या बाळापुढे पांढरा उंदीर सोडला. बाळाला त्याचे भय नव्हते. मग त्याने उंदराला हात लावला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणीत. थोड्याच दिवसांत बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागले, सशालाही भिऊ लागले. ती भीती न घालवताच बाळ तेथून गेले. कोणत्या आईला हे रुचेल?

पण "जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील", "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल", हे घरोघरी ऐकू येतेच ना? मग तापाने फणफणलेले मूल दवाखान्याच्या पायरीवरच हंबरडा फोडते, आणि आपण म्हणतो, स्वभावच भित्रा! स्वभाव कसला, ती शिकवण आहे.

मात्र बसलेली गाठ सुटतेही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या विदुषींनी सशाला भिणाऱ्या लहानग्या पीटरची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवीत, मग हळूहळू जवळ आणीत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

म्हणून अंधाराला भिणाऱ्या मुलाला अंधारात कोंडू नये, हसू नये. प्रथम हात धरून, दार उघडे ठेवून गोष्ट सांगावी. मग दिवा थोडा थोडा मंद करावा. आजी, काकू, शेजारीण, साऱ्यांनीच हे धोरण ठेवावे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटू, तेव्हा बागुलबुवा कोणाकोणाच्या घरून गेला ते अवश्य सांगा. एवढे बोलून रजा घेते.