उसाचा तुरा आणि दिवसाची लांबी



विज्ञानावर दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या पुष्कळ पालकांच्या घरी थोडाफार ऊस असतोच. म्हणून उसाच्या तुऱ्यावरच बोलतो.

माझ्या लहानपणी निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमचा दीड एकर सुरू ऊस होता. बेणे बांधालगतच्या आबांकडून आणलेले. दिवाळीनंतर सारा फड तुऱ्यांनी पांढरा झाला. तोड लांबली, फेब्रुवारी उजाडला. तोवर ऊस आतून पोकळ पडला, पांगशा फुटल्या, वजन घटले. आबांनी बेणेच खोटे दिले, असे अब्बांनी ठरवून टाकले. बोलणे बंद झाले. मलाही तेव्हा अब्बांचेच खरे वाटे.

वास्तविक तुरा आबांच्या फडालाही आला होता. त्यांचा ऊस आडसाली, म्हणून डिसेंबरातच तुटून गेला, इतकेच.

आपल्याकडे जूनअखेरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरअखेरचा अकरा तासांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरातील सूर्योदय-सूर्यास्त पाहून कोणासही ही वजाबाकी करता येईल. ऑगस्ट संपताना दिवस साडेबारा तासांवर येतो. मेख येथेच आहे. पुरेशी कांडी सुटलेल्या उसाचा शेंडा, रात्र उबदार व जमिनीत ओल असेल तर, याच सुमारास पाने काढणे सोडून फुलकळी धरतो. जातीजातीत फरक असतो. पण इशारा प्रकाशाचा. तुरा बाहेर पडतो दोन-अडीच महिन्यांनी, आणि आपण दिवाळीतल्या पाण्याला नाहीतर खताला बोल लावतो! शेंडा तुऱ्यात संपला की नवी कांडी येत नाही. साखर काही आठवडे टिकते, चढतेही. मग उतरू लागते. सबब तुरा आलेला फड आधी तोडावा.

दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्याशी असलेला हा संबंध १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांच्या प्रयोगांतून दिसले की, वनस्पती खरे तर रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तर त्या रात्रीचा परिणाम पुसला जातो. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य तो प्रकाश टिपते. पॉलिहाऊसमधील शेवंतीवर रात्री दिवे लावतात ते याचसाठी. झाड आधी उंच व्हावे, फुले मागाहून यावीत.

तुऱ्याला नुसती दूषणेही देऊ नयेत. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९१२ पासून तुऱ्यातल्या फुलांचा संकर करूनच नव्या जाती निघत आल्या. आपल्या शेतातला को ८६०३२ तिथलाच.

बी.एस्सी. झाल्यावर हे सारे मी अब्बांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आबा तोवर वारले होते.

एमआयडीसीच्या रस्त्यांवरचे दिवे रात्रभर जळतात. जवळपास ऊस उभा असेल तिथे, मालकाला विचारून, आठवी-नववीच्या मुलामुलींनी नोव्हेंबरअखेर उजेडातले शंभर आणि अंधारातले शंभर ऊस पाहावेत. तुरे किती, ते वहीत लिहावे. जात आणि लागणीची तारीखही विचारून घ्यावी. आमच्या घरी ती कोणी लिहून ठेवली नव्हती.