हिमनदीच्या खुणा आणि भूमीचे अंतरंग



अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात वाढणाऱ्या बालकास हिमनदी ही परमुलखातील वस्तू वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाणारी पैनगंगाच पुढे चंद्रपूरजवळ, इरई गावी, हिमनदीची साक्ष उघडी करून दाखविते. तेथील चुनखडक घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांनी १८७२ मध्ये ते शोधून काढले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या दिशेस फार दूरवर होती. सरकत्या बर्फाच्या तळाशी रुतलेल्या दगडांनी खडकावर हे ओरखडे कोरले, आणि बर्फ वितळल्यावर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेली माती मागे राहिली.

सर्वत्र असा पुरावा उघड्यावर नसतो. उत्तर युरोपात व कॅनडात हिमनद्यांनी घडविलेल्या असंख्य टेकड्या गवताखाली झाकलेल्या आहेत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन टेकड्यांपैकी एकीच्या पोटात मूळ खडक असतो, तर दुसरीच्या पोटात पाण्याने आणून टाकलेली वाळू. अर्थात दोहोंच्या उत्पत्तीची कथा एक नव्हे.

हे अंतरंग जाणण्यासाठी भूभौतिक सर्वेक्षण करतात. बाजारात घागर घेताना ती वाजवून पारखतात, तशीच ही पारख होय. जमिनीवर आघात केला असता त्याच्या लहरी कठीण खडकातून वेगाने, तर सैल मातीतून सावकाश जातात; त्यांना लागणारा वेळ मोजून थरांची खोली काढता येते. दुसऱ्या पद्धतीत जमिनीत विद्युत्प्रवाह सोडून तिचा विरोध मोजतात. कोरडी वाळू व गोटे अधिक विरोध करतात, ओली चिकणमाती कमी.

हीच विद्युत्पद्धती पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचा थर शोधण्यास उपयोगी पडते. मात्र खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू आणि चिकणमाती, दोन्हींचा विरोध अल्पच असतो. केवळ मोजणीवर विसंबून विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याचा पैसा व्यर्थ जाण्याचा संभव असतो. म्हणून एखादे छिद्र पाडून अनुमान पडताळावे लागते. हिमनदीच्या टेकडीविषयीही हाच नियम आहे.

वर्गात हा पाठ सहज घेता येईल. ओल्या मातीच्या वडीवर खडा दाबून ओढावा आणि ओरखड्यावरून तो कोणत्या रेषेत सरकला, हे मुलांना ओळखावयास लावावे. नंतर लाकडी बाकाच्या एका टोकास कान लावून दुसऱ्या टोकावरील टिचकी ऐकवावी. फळ्यावर तीन रकाने आखावेत: पाहिलेले, मोजलेले, अनुमान केलेले. या तिहींतील भेद ज्या बालकास उमगला, ते पुढे विहिरीची जागा ठरविताना सांगोवांगीवर विसंबणार नाही.