हमी कुणाच्या नावाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



गरिबी हटवण्याच्या योजना आपण पुष्कळ पाहिल्या. शेळी मिळते, शिलाई मशीन मिळते, तेही साहेबांची मर्जी असेल तर. रोजगार हमी वेगळी, कारण तिथे बाई काही पदरात पाडून घ्यायला उभी राहत नाही. ती काम मागते, आणि सरकारला ते द्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांनी हे आपल्याला शिकवले. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने कायदा केला. त्याचा खर्च भागवायला नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई. शहराच्या पैशातून खेड्यातल्या बाईच्या हाताला काम, हे तेव्हा देशात नवेच होते.

त्या कायद्यातले दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात : प्रौढ व्यक्ती. कुटुंब नव्हे. सासू, सून, नवऱ्याने टाकलेली बाई, जिचा तिचा हक्क.

२००५ साली केंद्राने कायदा केला आणि हमी देशभर गेली, हे चांगलेच झाले. निदान एक तृतीयांश काम बायांना, मजुरी पंधरा दिवसांत, असेही त्यात होते. पण १०० दिवस मोजले ते कुटुंबाचे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला, दिवस १२५ झाले. मोजणी पुन्हा कुटुंबाचीच. आता घरातले दिवस कुणी वापरायचे, हे कोण ठरवते ते तुम्हाला मी सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी एका कामावर मी हजेरीपट वाचायला मागितला. मुकादमाने कुरकुरत दिला. मातीची पाटी वाहत होत्या बाया, नावे होती नवऱ्यांची. एकीला विचारले. म्हणाली, "ताई, पैसं त्यांच्याच खात्यावर जात्यात. म्या कशाला नाव लावू?" दिवसाचा दर किती, तेही तिला ठाऊक नव्हते. पाठ मात्र तिचीच मोडत होती.

म्हणून मागणी लेखी करा, जिने तिने आपल्या नावाने. तारखेची पोच घेतल्याशिवाय हलू नका. काम मिळाले नाही तर बेकारभत्ता त्या कागदावरच मागता येतो. खाते स्वतःचे हवे. एकट्या बाईचे कार्डही वेगळे हवे, भावाच्या कार्डात तिला घुसडू देऊ नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचे कार्ड आणायचे. कुणाकुणाची नावे त्यावर आहेत, ते आधी वाचू.