ॲपमधील मार्गदर्शक पट्टीचा रंग
(सानगडी परिसरातील प्राथमिक शिक्षकांसमोरील भाषण)



फळा काळा आणि खडू पांढरा कशासाठी, असे साकोली तालुक्यातील कोणत्याही शिक्षकास विचारले तर उत्तर तत्काळ मिळेल: शेवटच्या रांगेतील मुलास अक्षर दिसावे म्हणून. चुन्याने सारवलेल्या भिंतीवर पिवळ्या खडूने लिहिण्याचा विचार कोणी करीत नाही. परंतु तोच शिक्षक शाळेसाठी मोबाईलचे ॲप तयार करावयास बसला की त्याला फळ्याचे विस्मरण होते. केशरी रंग मनास भावतो, म्हणून पट्टी केशरी, आणि तीवर अक्षरे पांढरी! रात्री घरात ते शोभून दिसते. सानगडीच्या चैत्रातील उन्हात तोच मोबाईल मुलांच्या हाती दिला की अक्षरे नाहीशी होतात.

ॲपच्या माथ्याशी वा तळाशी असणारी, ‘मुख्यपान’, ‘धडे’, ‘चाचणी’ अशी स्थाने दाखविणारी पट्टी ही या विवेचनातील मार्गदर्शक पट्टी होय. मूल कोठे आहे व पुढे कोठे जाता येईल, हे तिने सांगावयाचे असते. तिच्या खाली मोबाईलची स्वतःची, मागे जाण्याची पट्टी असते, ती निराळी. अँड्रॉइडच्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीपासून तीही रंगविण्याची सोय झाली. २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीपासून मात्र, त्या आवृत्तीस अनुसरून बांधलेल्या ॲपमध्ये, बोटाच्या खुणांनी चालणाऱ्या मोबाईलवर ही पट्टी पारदर्शक राहते व रंगाची जुनी आज्ञा चालत नाही. जुने पाठ पाहून काम करणाऱ्याने यात स्वतःची चूक शोधत बसू नये.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील अंतर मोजता येते. हे माप १ पासून २१ पर्यंत असते. पांढऱ्यावर काळे अक्षर असता ते २१ भरते. पांढऱ्यावर पिवळे असता जेमतेम १ च्या पुढे जाते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या मार्गदर्शक नियमांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ आणि चिन्हांना किमान ३ हवे. लाल २५५, हिरवा १५३ व निळा ५१ अशा मिश्रणाच्या केशरी पट्टीवरील पांढऱ्या अक्षरांचे माप सुमारे २.१ येते, म्हणजे ती पट्टी अनुत्तीर्णच. शुद्ध निळ्यावर पांढरे ८.६ भरते, पण शुद्ध हिरव्यावर अवघे १.४. याचे कारण डोळ्यातच आहे. उजळपणाच्या गणितात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा केवळ ७ टक्के धरला जातो. यास्तव कोवळ्या धानासारखी चमकदार हिरवी पट्टी हवीच असेल तर तीवर अक्षरे काळी असावीत. पांढरीच अक्षरे ठेवावयाची असतील तर हिरवा गडद करावा. हिरवा १०० आणि बाकी दोन्ही शून्य ठेवल्यास माप सातांहून अधिक होते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ ॲपांत निवडलेले चिन्ह हिरवे आणि न निवडलेले लाल, एवढाच भेद ठेवलेला असतो. जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्या दृष्टीतील ज्या उणिवेचे वर्णन केले, ती रंगांधता मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळते, कारण लाल-हिरव्याच्या रंगांधतेचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलात ते गुणसूत्र एकच असते. असा मुलगा वर्गात असला तरी बहुधा तो स्वतः सांगत नाही. इतरांनाही असेच दिसत असेल अशी त्याची समजूत असते. चाचणीच्या पानावर तो अडखळला तर त्याला ‘मंद’ म्हटले जाते. वस्तुतः उणीव पट्टीची असते, बुद्धीची नव्हे. निवडलेल्या चिन्हाखाली एक जाड रेघ ओढली, चिन्ह भरीव केले, त्याचे नाव ठळक केले, तरी काम भागते.

पडताळा घेण्यास कोणतेही यंत्र नको. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये, सुलभतेच्या व्यवस्थेत, रंग काढून पडदा करडा करण्याची सोय असते. ती चालू करावी, मोबाईल घेऊन पटांगणात उन्हात जावे, आणि ॲप पूर्वी न पाहिलेल्या दुसरीतील एखाद्या मुलास विचारावे, “बाळ, तू आता कोणत्या पानावर आहेस?” त्याने चटकन योग्य जागी बोट ठेवले नाही, तर पट्टी पुन्हा करावयास घ्यावी.